होडीतील बैठक
(ज्ञातिबांधवांच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी शिक्षण, विवाहातील खर्च, विद्यार्थिनिधी अशा थोर विषयांवर विचार मांडले जातात. त्या मानाने आमचा आजचा विषय अगदीच ठेंगणा आहे. लहान होडीत बसण्यासाठी घरच्या घरी लाकडाची सुखकर बैठक कशी करावी, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे. परंतु होडीतील बैठकही ठेंगणीच असावी लागते, हे पुढे दिसून येईल.

आपल्यापैकी बहुतेकांची मूळ घरे कोकणातील खाड्यांच्या काठी आहेत. या खाड्यांवर आता ठिकठिकाणी पूल झाले. दाभोळ आणि धोपावे यांच्या दरम्यान २००३ सालापासून मोटारी वाहून नेणारी फेरीबोटही सुरू झाली. तथापि बेटावरच्या शेताला जाणे, समोरच्या लहानशा वाडीला जाणे, खाडीत जाळे टाकणे, ही कामे अद्याप लहान होडीवाचून होत नाहीत. आणि त्या होडीत बसावयास असते काय? एक उघडी, ओली, अरुंद आडवी फळी. तिच्यावर वर्षानुवर्षे बसून वल्हे मारणाऱ्याची कंबर पन्नाशीतच धरते. पलीकडच्या काठाला लेक दिलेली म्हातारी ‘आता बसवत नाही’ असे म्हणून एक दिवस जाणे सोडते. खाडीचे पाणी आटत नाही, येणेजाणे मात्र आटते. म्हणून हा विषय आम्ही क्षुल्लक मानीत नाही.

यावर हल्ली एक उपाय सर्रास केला जातो. घरातली प्लॅस्टिकची खुर्ची उचलून होडीत ठेवावयाची! हा उपाय घातक आहे. खुर्चीची बैठक सुमारे १७ ते १८ इंच उंच असते. होडीत भार जितका वर जाईल, तितकी ती कलंडण्यास उतावीळ होते. शिवाय खुर्चीचे चार पाय ओल्या तळावर घसरतात, आणि एका बाजूस झुकलेला माणूस खुर्चीसह त्याच बाजूस जातो.

तेव्हा पहिला प्रश्न उंचीचा. होडीच्या दृष्टीने बैठक तळापासून ८ इंचांवर असणे उत्तम. परंतु म्हाताऱ्या गुडघ्यांना ८ इंचांवरून उठणे हे संकटच होय. होडी म्हणते खाली बसा, गुडघे म्हणतात वर बसा. या वादात आमचा निवाडा असा : वृद्धांसाठी बैठक १२ इंचांपर्यंत न्यावी, त्यापुढे सूतभरही नाही. ती बरोबर मध्यरेषेवर असावी. पाय पुढे पसरावयास जागा ठेवावी आणि टाचा टेकण्यास तळाशी एक आडवी पट्टी द्यावी. उठण्याची घाई करू नये. होडी धक्क्याला बांधून झाल्यावर, कोणाच्या तरी हाताचा आधार घेऊनच उठावे.

दुसरा प्रश्न लाकडाचा. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या संस्कृत ग्रंथात नौकेच्या लाकडाचेही चार वर्ण केले आहेत, आणि हलके पण कठीण असे जे लाकूड, त्याची नौका सर्वांत चांगली म्हटली आहे. माणसांची अशी प्रतवारी आज कोणी करू नये. लाकडाला मात्र ती कसोटी अजूनही लागू पडते. ऐन टणक, पण जड. आंबा स्वस्त, पण ओलीत लवकर कुजतो. शिवण हलकी आणि रंध्याखाली नरम. साग अंगच्या तेलामुळे पाण्याला पुरून उरतो. नवा साग परवडत नसेल, तर जुन्या घराच्या मोडक्या दारातील फळ्या घ्याव्या. त्या पुरत्या वाळलेल्या असतात आणि पुढे वाकत नाहीत.

आता कृती. प्रवाशाच्या बैठकीसाठी अखंड फळी घेऊ नये. तिच्यावर पाणी साचते. अडीच ते तीन इंच रुंद आणि ६ सूत जाड अशा पट्ट्या घेऊन, दोन पट्ट्यांत दोन सुतांची फट ठेवावी, म्हणजे पाणी खाली गळून जाते. या पट्ट्या ज्या दोन आधारांवर बसवावयाच्या, त्यांची वरची कड सरळ न ठेवता मध्यभागी ४ सूत खोल अशी हलकी खोलगट तासावी. बैठकीच्या सुखाचे रहस्य या ४ सुतांत आहे. त्यांमुळे बैठकीला मांडीसारखा खोलवा येतो आणि लाट आली तरी अंग पुढे घसरत नाही. बैठकीची मागची कड पुढच्या कडेपेक्षा अर्धा इंच खाली असावी. पुढची कड कानशीने पुरती गोल करावी, नाहीतर ती मांडीखाली रुतून पायांना मुंग्या येतात. पाठीचा टेका १२ ते १४ इंच उंच पुरे. १२ इंच उंचीस अडीच ते तीन इंच मागे कलता, असा तो असावा.

वल्हे मारणाऱ्याची गरज निराळी आहे. त्याला पाठीचा टेका अडचणच करतो, कारण त्याचे अंग सतत मागेपुढे होते. दोन वल्ही मारणाऱ्याने बैठकीचा माथा वल्हे टेकते त्या जागेपासून ७ ते ८ इंच खाली ठेवावा. मुख्य म्हणजे, गुडघे किंचित वाकलेले असताना पावले टेकतील असा भक्कम पायटा द्यावा. पायांना जोर देण्यास जागा नसली, की सारा ताण कंबरेवर येतो.

बैठक बसविताना एक नियम मोडू नये. होडीच्या मूळच्या आडव्या फळ्या कापू नयेत, काढू नयेत. त्या बसण्यासाठी असल्या तरी होडीच्या दोन्ही बाजू त्यांनीच ताणून धरलेल्या असतात. बाजूच्या फळ्यांतही खिळे ठोकू नयेत. आतील बाकदार फासळ्यांना दोन पट्ट्या जोडून त्यांवर बैठक ठेवावी. एकाच खोडातून कोरलेल्या होडीला फासळ्या नसतात. तेथे पुठ्ठ्यावर तळाचा आकार उतरवून त्याबरहुकूम लाकडी ठोकळे तासावे. खिळे तांब्याचे आणि स्क्रू पितळी वापरावे, कारण लोखंड खाऱ्या पाण्यात गंजून लाकडालाही खाते. बैठक काढता येईल अशी, परंतु जागच्या जागी आखूड दोरीने बांधलेली असावी. ती तरंगते, म्हणून तिच्यावर जिवाचा भरवसा मात्र ठेवू नये. चार किलोंची सागवानी बैठक जेमतेम दोन किलोंचा भार पाण्यावर तोलते. लाइफ जॅकेट अंगात हवेच.

शेवटी तेल. काजूच्या टरफलाचे तेल होडीला लावतात, ते बैठकीला लावू नये. त्याने कातडीला फोड येतात. व्हार्निश ओले झाले की निसरडे होते. सुतार ज्याला बेलतेल म्हणतात, ते अळशीचे तेल दोनतीन वेळा चोळावे. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून टाकू नये, तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवाव्या. पावसाळ्यात होडी वर काढलेली असते. नारळी पौर्णिमेपूर्वी दरसाल एक हात पुन्हा द्यावा. मऊपणासाठी वरून काथ्याची चटई पुरे. कापसाची गादी पाणी पिते आणि सुकत नाही.

या कामाला करवत, रंधा, वाकस, पटाशी, गुण्या आणि गिरमीट एवढी हत्यारे लागतात. दोन सुट्ट्या लागतात. आणि तिसरी गोष्ट, जी बाजारात मिळत नाही, ती म्हणजे बसणाऱ्याचे माप. पुढच्या गणपतीला मुंबई-पुण्याहून गावी येणाऱ्या तरुणांस आमची विनंती आहे : येताना फोमची उशी आणू नका, मोजपट्टी आणा. आजीला अंगणात पाटावर बसवून टाचेपासून गुडघ्यापर्यंतचे, कंबरेच्या रुंदीचे माप घ्या. कोणाला त्रास न होता किती खाली बसवते, ते तिलाच विचारा. मोठी माणसे अशा वेळी ‘मला काही होत नाही’ म्हणतात. त्यावर विश्वास न ठेवता उठताना त्यांचा हात कोठे जातो ते पाहा. गावातील जुन्या सुताराला शेजारी बसवा, म्हणजे आम्ही न सांगितलेल्या चार गोष्टी तो सांगेल.

ज्ञातीचा उत्कर्ष मोठ्या इमारतींनी आणि निधींनी होतो, तसाच तो घरातील वृद्ध माणूस आणखी पाच वर्षे आपल्या लेकीकडे जाऊ शकला, यानेही होतो.