पुढचा अल्बम निघाला का?



भोरच्या हिर्डस मावळात, नीरा-देवघर धरणाच्या पाण्याकाठी आणि वरंधा घाटाच्या वाटेवर असं लेखक-कलावंतांचं संमेलन भरतं आणि त्याचं अध्यक्षपद मला मिळतं, याचा मला फार आनंद आहे. अध्यक्षानं भाषेच्या भवितव्यावर बोलावं असा रिवाज आहे. आज मी संगीताच्या विक्रीवर बोलणार आहे, आणि त्यातही रॉकच्या अल्बमवर. काहींना हा विषय या मंडपाला परका वाटेल. पण या खोऱ्यातली मुलं आता पखवाजाशेजारी गिटार ठेवून रियाज करतात. भजनी मंडळात वाढलेला पोरगा ड्रम्स वाजवतो, स्वतः लिहिलेलं गाणं घरीच रेकॉर्ड करतो आणि सगळ्या ॲपवर चढवतो. अशी मुलं भेटली की एकच गोष्ट विचारतात : ‘‘सर, अल्बम तर काढला. तो चालला की पडला, हे ओळखायचं कसं?’’

या प्रश्नाला आपण वडीलधाऱ्यांनी आजवर नीट उत्तर दिलेलं नाही. आपण म्हणतो, किती खपला ते बघ. पण खपणं म्हणजे काय, याचा अर्थच गेल्या पंचवीस वर्षांत पार बदलून गेला आहे.

एकाच बँडचं उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या गन्स अँड रोझेसनं सप्टेंबर १९९१मध्ये ‘यूज युवर इल्यूजन’चे दोन भाग एकाच दिवशी बाजारात आणले. पहिल्या आठवड्यात तिथं दुसऱ्या भागाच्या ७ लाख ७० हजार आणि पहिल्या भागाच्या ६ लाख ८५ हजार प्रती गेल्या. पुढे बँड विस्कटला, माणसं गेली, नवी आली. स्वतःच्या नव्या गाण्यांचा त्यांचा पुढचा अल्बम, ‘चायनीज डेमॉक्रसी’, थेट नोव्हेंबर २००८मध्ये आला. अमेरिकेत पहिल्या आठवड्याची विक्री २ लाख ६१ हजार, तिथल्या सर्वाधिक खपाच्या यादीत तिसरा क्रमांक. जगभर मथळे झळकले, अल्बम आपटला म्हणून.

आपटला का? अमेरिकेत २०००मध्ये वर्षभरात ७८ कोटी ५० लाख अल्बम विकले गेले होते. २००८मध्ये हा आकडा ४२ कोटी ८० लाखांवर आला. म्हणजे आठ वर्षांत निम्म्याच्या जवळपास बाजार बसला. १९९९मध्ये नॅपस्टर आलं आणि गाणी संगणकावरून फुकट फिरू लागली, २००३पासून ॲपलच्या ऑनलाइन दुकानात अख्ख्या अल्बमऐवजी सुटं गाणं विकत मिळू लागलं, आणि सीडीची सद्दी संपली. बाजाराच्या त्या प्रमाणात पाहिलं तर २००८चे २ लाख ६१ हजार म्हणजे २००० सालचे पावणेपाच लाखांच्या वर होतात. हा आकडा पडेल अल्बमचा नाही. मात्र दुसरी बाजूही मांडली पाहिजे. या अल्बमवर १ कोटी ३० लाख डॉलर खर्च झाल्याचं वृत्तपत्रांनी २००५मध्येच छापलं होतं. इतकं भांडवल घातलेल्या मालाला पावणेपाच लाखसुद्धा पुरत नाहीत. माझ्या मते तो अल्बम खर्चानं बुडाला. विक्रीच्या नावानं खापर फोडणाऱ्यांनी चुकीच्या जागी बोट ठेवलं.

आता दोन आकडे शेजारी ठेवतो. निर्वाणा या बँडचा ‘नेव्हरमाइंड’ सप्टेंबर १९९१मध्ये आला, तेव्हा कंपनीनं अमेरिकेतल्या दुकानांत सुरुवातीला ४६ हजारांच्या आसपास प्रती पाठवल्या होत्या. नवख्या बँडचा माल, जास्त कशाला छापा, असा तो हिशेब. अल्बम यादीत १४४व्या क्रमांकावर आला आणि जानेवारी १९९२मध्ये मायकेल जॅक्सनला खाली सारून पहिला झाला. दुसरा आकडा जानेवारी २०११चा. केक नावाच्या रॉक बँडचा अल्बम त्याच यादीत थेट पहिला आला, आणि त्याची आठवड्याची विक्री होती फक्त ४४ हजार. वीस वर्षांपूर्वी जेवढ्या प्रती ‘चाचणीपुरत्या’ म्हणून दुकानात गेल्या, त्याहून कमी विकून २०११मध्ये माणूस अव्वल ठरतो! तेव्हा, मुलांनो, कुणी ‘नंबर एक’ म्हणालं की पहिल्यांदा विचारा, कुठल्या साली?

शिवाय ही मोजणीसुद्धा सरळ नाही. १९९१पर्यंत अमेरिकेतली यादी दुकानदारांना फोन करून, त्यांच्या सांगण्यावरून तयार होत असे. त्या वर्षी बारकोडवरून खरी विक्री मोजायला लागल्यावर हेवी मेटल, कंट्री, रॅप हे प्रकार एकदम वर आले. ऐकणारे आधीपासून होतेच, दुकानदाराच्या तोंडी त्यांचं नाव येत नव्हतं. गोल्ड आणि प्लॅटिनम ही बिरुदंही मूळची दुकानांकडे रवाना झालेल्या मालावर ठरत आली आहेत. न खपलेला माल परत येतो, भिंतीवर लावलेली बिरुदाची तबकडी तिथंच राहते.

हे झालं परदेशाचं. आपल्याकडे काय होतं, ते इथल्या पन्नाशी ओलांडलेल्या प्रत्येकानं पाहिलेलं आहे. यात्रेच्या दिवशी लाऊडस्पीकरवाला पहाटे झाडावर भोंगा बांधायचा. त्याच्या पत्र्याच्या पेटीत कॅसेट असायच्या, खोक्यावरची नावं घासून गेलेली, काहींवर पेननं ‘भक्ती’, ‘लग्न’, ‘लोकगीत’ एवढंच लिहिलेलं. त्यातली एक लागली की पाण्यापलीकडच्या वाडीपर्यंत ऐकू जायची. दिवसातून चार वेळा तीच कॅसेट, हजार माणसं ऐकणार, आणि विक्रीच्या वहीत नोंद किती? एक. तीही कंपनीची असली तर. कारण तालुक्याच्या बाजारपेठेत कोऱ्या कॅसेटवर गाणी भरून देणारी दुकानं होती. आवडीची यादी कागदावर लिहून द्यायची, संध्याकाळी कॅसेट न्यायची. गुलशन कुमारांच्या टी-सीरिजनं ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त केली, त्यामुळे प्रादेशिक गाणी, लोकगीतं, भक्तिगीतं घरोघरी पोचली, हे मोठंच काम झालं. पण गाणाऱ्याला त्यातलं काय मिळालं, असं या खोऱ्यातल्या जुन्या शाहिराला विचारा. बहुतेकांनी एकदाच बिदागी घेऊन सही केलेली असते.

आज उलटं झालंय. आज प्रत्येक ऐकणं मोजलं जातं. इथल्या हिर्डोशीच्या चढावर रेंज मिळाली आणि एखाद्यानं गाणं लावलं, की कुठल्यातरी सर्व्हरवर त्याची नोंद होते. मात्र त्या नोंदीची किंमत पैशांत आहे, रुपयांत नाही. अमेरिकेत गोल्ड-प्लॅटिनमच्या हिशेबात २०१६पासून १,५०० वेळा गाणं ऐकलं गेलं की एक अल्बम विकला गेला असं धरतात. म्हणजे दहा गाण्यांचा अल्बम एकाच माणसानं अथपासून इतिपर्यंत दीडशे वेळा ऐकायचा, तेव्हा एक प्रत! आपल्याकडच्या पोरांच्या गाण्याला पंधरा लाख प्ले मिळाले की पेढे वाटतात, आणि वाटावेतच. पण या मापानं ते हजार अल्बम होतात. समोर बसलेल्या लेखकांना हा आकडा ओळखीचा वाटेल. मराठी पुस्तकाची आवृत्ती साधारण एवढ्याच प्रतींची निघते, हल्ली तर तेवढीही नाही. गाणारे आणि लिहिणारे आपण एकाच नावेत आहोत, म्हणून या संमेलनात हा विषय मला परका वाटत नाही.

मग माप कुठलं घ्यायचं? मी माझं सांगतो. अल्बमनं पुढचा अल्बम काढायची ताकद दिली का? दिली असेल तर तो धंद्यात यशस्वी. विक्रीतून येवो, कार्यक्रमातून येवो, सिनेमातून येवो, पैसा कुठल्या वाटेनं आला याला माझ्या लेखी दुय्यम महत्त्व आहे. कलावंत कर्जात न बुडता पुन्हा स्टुडिओत जाऊ शकला पाहिजे.

या मापाला धरून आपल्या जवळची माणसं पाहा. गोव्याच्या शिवोलीचे रेमो फर्नांडिस. त्यांची स्वतःची इंग्रजी गाणी मुंबईतल्या कंपन्यांनी नाकारली. त्यांनी १९८४मध्ये घरातच ‘गोअन क्रेझी’ रेकॉर्ड केला, वाद्यं स्वतः वाजवली, आणि स्कूटरवर कॅसेट लादून गोव्यातली दुकानं स्वतः गाठली. किती खपल्या याच्यावर वाद घालत बसण्याचं कारणच नाही. १९८५मध्ये ‘ओल्ड गोअन गोल्ड’ आला, १९८६मध्ये ‘पॅक दॅट स्मॅक’. एका वर्षाआड नव्हे, दरवर्षी. घरच्या भांडवलावर उभा राहिलेला हा धंदा मला कुठल्याही सोनेरी तबकडीपेक्षा मोठा वाटतो.

याउलट मुंबईचा रॉक मशीन. १९८४मध्ये उभा राहिला, पुढे इंडस क्रीड झाला. उदय बेनेगल, महेश तिनईकर ही तयारीची मंडळी. टीव्हीवर व्हिडिओ गाजले, नाव देशभर झालं. १९९५मध्ये बँडच्याच नावाचा अल्बम आला, १९९७मध्ये बँड थांबला, आणि पुढचा ‘इव्हॉल्व्ह’ यायला २०१२ उजाडलं. मधली सतरा वर्षं कोरी. त्यांच्या वादनात काही कमी होतं असं मी कधीच म्हणणार नाही. पण एवढ्या गाजलेल्या बँडला सलग उभं ठेवील इतका बाजार तेव्हा आपल्याकडे तयार झाला नव्हता, हे त्या कोऱ्या वर्षांतून दिसतं, आणि मला त्याचं आजही वाईट वाटतं.

तिसरं उदाहरण दिल्लीच्या इंडियन ओशनचं. या खोऱ्याला ते जवळचं वाटावं असं आहे. त्यांचे बेस वाजवणारे राहुल राम नर्मदा आंदोलनात राहिलेले. तिथल्या खोऱ्यात ऐकलेलं ‘मा रेवा’ त्यांनी बँडमध्ये आणलं आणि २०००च्या ‘कंदिसा’ या अल्बममधून ते देशभर गेलं. धरणाखाली जमिनी गेलेल्या माणसांचं गाणं रॉकच्या मंचावर उभं राहिलं. याच बँडनं २०१०मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ हा अख्खा अल्बम इंटरनेटवरून फुकट दिला, एका वेळी एक गाणं करत. विक्रीच्या रकान्यात शून्य. पण कार्यक्रम होत राहिले, ऐकणारे वाढले आणि २०१४मध्ये ‘तंदानू’ आला. जुन्या मापानं ‘खजूर रोड’ला पडेल म्हणावं लागेल. माझ्या मापानं तो उत्तीर्ण आहे.

मराठीत अभंग रिपोस्टसारखा बँड आज संतांचे अभंग बेस गिटार आणि ड्रम्सवर गातो, आणि तरुण पोरं ते उभं राहून ऐकतात. अशा बँडचं पोट मुख्यतः मंचावरच भरतं. अल्बम हे त्या कार्यक्रमाचं आमंत्रण झालं आहे. म्हणून आपल्या मुलांना मी सांगतो, व्ह्यूज मोजा, जरूर मोजा, पण त्याच्याशेजारी आणखी एक रकाना पाडा : या गाण्यामुळे किती सुपाऱ्या आल्या, त्यातला प्रवास, साउंड आणि साथीदारांचं मानधन वजा जाता हातात किती उरले.

आणि घाई करू नका. मेटॅलिकाचा १९९१चा काळा अल्बम २०१४पर्यंत विकला जात जात अमेरिकेत १ कोटी ६० लाखांपर्यंत गेला. पहिल्या आठवड्याच्या आकड्यावर निकाल लावणारे लोक त्याची पुढची बावीस-तेवीस वर्षं पाहूच शकले नसते. नीरेच्या खोऱ्यातलं एखादं गाणं पाच वर्षांनी एखाद्या सिनेमावाल्याच्या कानावर पडेल. भोरच्या राजवाड्यात आणि घाटात चित्रीकरणं होतच असतात. त्या दिवशी गाण्याची मालकी तुमच्याकडे असली पाहिजे.

इथं मी गीतकारांशी बोलतो, कारण या मंडपात त्यांची संख्या मोठी आहे. २०१२मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीत बरोबरीचा वाटा मिळाला, आणि तो वाटा वारसांखेरीज किंवा कॉपीराइट संस्थेखेरीज कुणाच्याही नावे लिहून देता येत नाही. जावेद अख्तरांनी राज्यसभेत हा प्रश्न पोटतिडकीनं मांडला होता. तरीही आज गावोगावी मुलं पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर ‘सर्व हक्क कायमचे’ लिहून देतात, कारण समोरच्यानं व्हिडिओचा खर्च केलेला असतो. खर्च त्याचा असेल तर त्याला त्याचा वाटा मिळावा. पण शब्द आणि चाल तुमची असेल, तर रॉयल्टीवरचं नाव तुमचंच राहिलं पाहिजे. सही करण्याआधी मुदत किती वर्षांची, कुठल्या माध्यमांसाठी, हिशेब किती महिन्यांनी मिळणार, हे तीन मुद्दे वाचून घ्या. कायद्याची भाषा समजत नसेल तर शेजारच्या वकिलाला दाखवा.

संयोजकांशी माझं बोलणं झालं आहे. रॉयल्टीच्या नोंदणीसाठी दुपारच्या जेवणानंतर शाळेच्या वर्गात एक टेबल लावलं जाईल. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी ही १९६९पासूनची संस्था गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते. तिच्याकडे नोंदणी कशी करायची हे तिथं समजावून सांगतील आणि अर्जाची तयारी करून देतील. येताना पॅन कार्ड, बँकेचं पासबुक आणि आपल्या प्रसिद्ध झालेल्या गाण्यांची यादी आणा. यादीत प्रत्येक गाण्यापुढे शब्द कुणाचे, चाल कुणाची आणि गाणं कधी बाहेर आलं हे लिहा. जुन्या शाहिरांना आणि भजनी बुवांना त्यांच्या नातवंडांनी सोबत घेऊन यावं, त्यांच्या कॅसेटची खोकी घरात असतील तर तीही आणावीत. वर्ग चार वाजेपर्यंत उघडा राहील, आणि मी स्वतः तिथं बसणार आहे.