पदराची गाठ आणि पिन



संयोजकांनी मला सांगितलं, "तू आयुष्यभर बँकेत नोटा मोजल्यास, तेव्हा पैशांवरच बोल." पण मोजायला आता नोटा उरल्यात कुठे? या मेळाव्याची वर्गणीच बघा. पूर्वी दोघं-तिघं पावतीपुस्तक घेऊन घरोघरी फिरले असते. या वेळी ग्रुपवर क्यूआर कोडचा फोटो आला आणि ज्याने त्याने घरबसल्या पैसे पाठवले.

शाळेत असताना मधल्या सुट्टीत आपण चार आण्यांच्या चिंचा-बोरं घ्यायचो. ते चार आणे जून २०११ अखेर चलनातून गेले. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय आलं. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या आणि रोख रकमेवाचून भागवायची वेळ आली. पुढे करोनात तर नोटेला हात लावायचीच भीती वाटू लागली. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात १००० कोटींहून जास्त व्यवहार झाले.

याचा मला आनंदच आहे. भाजीवाल्या मावशींचं गिऱ्हाईक आता सुट्ट्या पैशांसाठी परत जात नाही. परगावी कामाला असलेला मुलगा घरी क्षणात पैसे पाठवतो. पूर्वी मनीऑर्डरसाठी पोस्टमनची वाट बघत बसावं लागायचं.

पण कॅशच्या खिडकीमागे बसून एक गोष्ट मी वर्षानुवर्षं पाहिली. महिन्याच्या सुरुवातीला पेन्शन काढायला आया-आज्या यायच्या, बरोबर मुलगा असायचा. नोटा मोजून झाल्या की त्यातली एखादी हळूच पदराच्या गाठीत जायची आणि बाकीच्या मुलाच्या हातात. गाठीतल्या त्या नोटेचा हिशेब कोणी विचारत नसे. त्यातूनच नातीला खाऊ, माहेरी आलेल्या लेकीला बांगड्या, दारी आलेल्या वारकऱ्याला दहा रुपये. घरात तिचं मत कोणी विचारो न विचारो, तेवढ्या पैशांवर हुकूम तिचा असायचा.

आज पेन्शन खात्यात जमा होते. खात्याला मोबाइल नंबर मुलाचा, पिनही त्यालाच ठाऊक. मुलगा प्रेमळ असतो. "आई, काय हवं ते सांग, मी देतो," म्हणतो. पण सांगावं लागतं, हीच तर अडचण आहे. फसवणुकीच्या बातम्या ऐकून तीही म्हणते, "नकोच बाई ती कटकट." खात्यात पैसे असून हात मात्र रिकामा. आपण सगळे साठीला टेकलो आहोत. आज ही आईची गोष्ट आहे, आणखी पंधरा वर्षांनी आपली असेल.

म्हणून एवढंच सांगतो. वडीलधाऱ्यांचे व्यवहार परस्पर उरकू नका, त्यांना शिकवा. खात्याला त्यांचाच नंबर जोडा, पिन त्यांनाच ठरवू द्या. सगळी पुंजी यूपीआयला जोडायची गरज नाही. थोडी रक्कम असलेलं वेगळं खातं जोडलं की भीती निम्मी होते. फोन साधा बटणांचा असला तरी २०२२ पासून 'यूपीआय १२३पे' आहे, त्याला इंटरनेट लागत नाही. एक नियम मात्र पाठ करून घ्या: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. आणि घरातल्या डब्यात थोड्या नोटा राहू द्या. रेंज गेली तरी त्या चालतात.

शिकवताना चिडू नका. समोर बसलेल्या बाईंनी आणि सरांनी आपल्याकडून एकोणतीसचा पाढा किती वेळा म्हणवून घेतला, ते आठवा. आपण दर वेळी त्याच जागी अडखळायचो आणि बाई म्हणायच्या, "पुन्हा म्हण." तेवढाच धीर आपल्याला आईसाठी धरायचा आहे.

उद्या सकाळी नाश्ता झाला की मी शाळेच्या व्हरांड्यात बसणार आहे. गुरुजनांपैकी किंवा आपल्यापैकी ज्यांना हे शिकायचं असेल, त्यांनी आपापला फोन घेऊन यावं. पिन मात्र मलासुद्धा सांगू नका!