एएफआर गेज घ्यायचाय? आधी सेन्सर बघा, डायल शेवटी

टर्बोवरच्या भागानंतर सगळ्यात जास्त मेसेज एकाच प्रश्नाचे आले: ‘दादा, एएफआर गेज कुठला घेऊ?’ निम्म्या मेसेजना फोटो जोडलेले. कुणाचा डायल निळा, कुणाचा लाल, कुणाच्या कडेला कार्बन फायबर. डायल छान दिसतात, वादच नाही. पण हा भाग ऐकल्यावर तुम्ही डायल सगळ्यात शेवटी बघावा, एवढीच माझी अपेक्षा आहे. ज्यांना बसमध्ये किंवा ऑफिसात ऐकता येत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लेखी रूप.

हा आकडा नेमकं काय सांगतो?

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. म्हणून १४.७. याच बिंदूला लॅम्डा १ म्हणतात. हवा जास्त झाली की मिश्रण लीन, पेट्रोल जास्त झालं की रिच. एका लयीत हायवेवर चाललात तर इसीयू गाडीला १४.७ च्या आसपास ठेवतो, कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तेच मानवतं.

पण पाय पूर्ण दाबला की हिशोब बदलतो. बिनटर्बोच्या इंजिनात ट्यूनर साधारण १२.५ ते १३ च्या दरम्यान जातात, टर्बोवर ११.५ ते १२ च्या आसपास. हे ढोबळ आकडे आहेत. नेमका आकडा तुमचं इंजिन, बूस्ट आणि इंधन ठरवतं. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरमधली उष्णता शोषून घेतं. ते कमी पडलं तर तापमान चढतं, नॉकिंग सुरू होतं, पिस्टनची कड वितळते किंवा रिंगांमधली पट्टी तुटते. याला तास लागत नाहीत, एक लांब खेच पुरते. आणि सीटवर बसून तुम्हाला काही कळत नाही. इंजिन मस्त ओढतंय असंच वाटत राहतं.

म्हणून हा गेज हौसेचा दागिना नाही. मॉडिफाय केलेल्या इंजिनाचा तो थर्मामीटर आहे.

नॅरोबँड की वाइडबँड?

निवड इथेच ठरते, बाकी सगळं नंतर.

जुन्या गाड्यांत कंपनीचा सेन्सर बहुतेक वेळा नॅरोबँड असतो. त्याचा व्होल्टेज शून्य ते एकच्या दरम्यान हलतो. लॅम्डा १ पाशी साधारण ०.४५, तिथून जरा रिच झालं की एकदम ०.८ च्या वर, जरा लीन झालं की एकदम ०.२ च्या खाली. म्हणजे तो फक्त ‘रेषेच्या अलीकडे की पलीकडे’ एवढंच सांगतो. किती पलीकडे, ते नाही.

माझ्या एका मित्राने जुन्या सेदानला टर्बो बसवला होता. डॅशबोर्डवर रंगीत दिव्यांचा स्वस्त गेज, त्याच नॅरोबँड सेन्सरच्या वायरीवर जोडलेला. पूर्ण थ्रॉटलला दिवे ‘रिच’च्या बाजूलाच असायचे, म्हणून सगळे निश्चिंत. इंजिन उघडलं तेव्हा तिसऱ्या सिलिंडरच्या पिस्टनची पट्टी तुटलेली. दिवे खोटं बोलत नव्हते. लॅम्डा ०.८ असो की ०.९५, नॅरोबँडवर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. टर्बोवर मात्र त्या दोन आकड्यांत अख्ख्या इंजिनाचं अंतर असतं. ज्यांनी ट्यून केलं त्यांनीही त्याच दिव्यांवर विश्वास ठेवला होता.

वाइडबँडमध्ये सेन्सरच्या आत एक छोटी पोकळी असते. तिच्यातला ऑक्सिजन आत-बाहेर पंप करून ती कायम लॅम्डा १ ला ठेवली जाते. त्यासाठी किती करंट लागला, त्यावरून मिश्रण किती लीन किंवा किती रिच, हे मोजता येतं. तेव्हा गेज घ्यायचा तर वाइडबँडच. नॅरोबँडच्या दिव्यांवर पैसे घालू नका, त्यापेक्षा ते टायरवर घाला.

थांबा, तुमच्याकडे आधीच आहे का?

तुमची गाडी अलीकडची टर्बो पेट्रोल असेल तर आधी हे तपासा. अशा बऱ्याच गाड्यांत कॅटच्या पुढचा सेन्सर कंपनीकडूनच वाइडबँड येतो. ओबीडी पोर्टला ॲडॅप्टर लावला की फोनवर लॅम्डा वाचता येतो. साधा स्टेज १ रिमॅप असेल, तर लॉग काढायला अनेकदा तेवढं पुरतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा नको. मर्यादा एकच: ओबीडीवर आकडे सावकाश येतात, सोबत चार-पाच गोष्टी वाचायला घेतल्या की आणखी सावकाश. मोठा टर्बो, वेगळे इंजेक्टर किंवा स्टँडअलोन इसीयू असेल, किंवा जुनी कार्ब्युरेटरची गाडी असेल, तर मात्र वेगळा गेज हवाच.

सेन्सर कोणता लागतो ते विचारा

सेन्सर झिजणारी वस्तू आहे, आज ना उद्या बदलावाच लागतो. म्हणून दुकानात पहिला प्रश्न: ‘यात सेन्सर कुठला?’ बॉशचा एलएसयू ४.९ असेल तर उत्तम. एईएमची एक्स-सिरीज आणि इनोव्हेटचा एमटीएक्स-एल प्लस, दोन्ही त्याच्यावर चालतात आणि दोन्ही ५२ मिलिमीटरच्या नेहमीच्या मापात येतात. जुन्या पिढीच्या एलएसयू ४.२ वर चालणाऱ्या गेजना सहसा अधूनमधून मोकळ्या हवेत कॅलिब्रेशन करावं लागतं. आपण ते करत नाही, हे आपल्यालाही माहीत आहे.

बनावट बॉश सेन्सर बाजारात भरपूर आहेत. संशयास्पद स्वस्त मिळाला तर घेऊ नका. आणि वायर लांबवायची म्हणून सेन्सरचा कनेक्टर कापू नका. त्या सेन्सरचं कॅलिब्रेशन करणारा रेझिस्टर त्या कनेक्टरमध्येच असतो.

ई२० आणि लॅम्डा

आता आपल्या पंपांवरचा मुद्दा. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं की पूर्ण ज्वलनाचा बिंदू १४.७ राहत नाही, साधारण १३.५ वर येतो. पण सेन्सर लॅम्डा मोजतो आणि गेज त्याला १४.७ ने गुणून दाखवतो. म्हणजे ई२० भरलेलं असतानाही लॅम्डा १ ला गेजवर १४.७ च दिसेल. गेज बिघडलेला नाही, त्याची पट्टी साध्या पेट्रोलची आहे.

खरा धोका वेगळा आहे. तुमचा फ्युएल मॅप बिनइथेनॉलच्या पेट्रोलवर बसवलेला असेल, तर ई२० वर तेवढ्याच इंजेक्शनला मिश्रण साधारण ७-८ टक्के लीन होतं. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा ०.८२ होता तो ०.८८ कडे सरकतो. गेजवर १२ चा आकडा १३ च्या जवळ. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त आणि तो थंडावाही जास्त देतो, त्यामुळे लगेच अनर्थ होईलच असं नाही. पण टर्बो गाडीचा ट्यून जुना असेल तर हे एकदा मोजायलाच हवं. म्हणून गेजमध्ये लॅम्डा दाखवायची सोय आहे का, ते बघा आणि लॅम्डामध्येच विचार करायची सवय लावा. इंधन कुठलंही असो, १ म्हणजे १.

लॉगिंग नसेल तर अर्धाच उपयोग

पूर्ण थ्रॉटलला गेजकडे बघायचं नसतं, रस्त्याकडे बघायचं असतं. शिवाय ‘मध्येच १३ दिसले’ याला काही अर्थ नाही. किती आरपीएमला? किती बूस्टला? त्यासाठी गेजमधून बाहेर सिग्नल निघायला हवा आणि तो इसीयूत किंवा लॉगरमध्ये बाकीच्या आकड्यांसोबत नोंदवला जायला हवा.

सिग्नल दोन प्रकारचे. एक ॲनालॉग, ० ते ५ व्होल्टचा. दुसरा कॅन, म्हणजे थेट डिजिटल. इसीयू कॅन घेत असेल तर कॅनच निवडा. ॲनालॉगमध्ये ग्राउंडची भानगड असते. समजा ८.५ ते १८ हा पल्ला ०.५ ते ४.५ व्होल्टमध्ये बसवलाय. गेज आणि इसीयूच्या ग्राउंडमध्ये नुसता ०.२ व्होल्टचा फरक असेल, तरी आकडा जवळपास अर्ध्याने चुकतो. डायलवर १२, लॉगमध्ये ११.५. ट्यूनर लॉगवर विश्वास ठेवून पेट्रोल कमी करतो आणि तुम्ही प्रत्यक्षात लीन जाता. तेव्हा ॲनालॉग वापरणार असाल तर दोघांचं ग्राउंड एकाच जागी घ्या, आणि डायलचा व लॉगचा आकडा एकदा शेजारी ठेवून जुळवा.

बसवताना

सेन्सर टर्बोच्या नंतर आणि कॅटच्या आधी. पाइपवर घड्याळाच्या १० ते २ च्या मध्ये, म्हणजे वरच्या बाजूला. खाली लावला तर साचलेलं पाणी तापलेल्या सिरॅमिकवर पडतं आणि सेन्सर तडकतो. गेजची वायर काढून सेन्सर तसाच पाइपमध्ये ठेवून गाडी चालवू नका. हीटर बंद असताना त्यावर काजळी बसते आणि तो मरतो. काढायचा तर सेन्सर काढा आणि भोकाला बूच लावा.

सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तर बाहेरची हवा आत शिरते आणि गेज लीन दाखवतो. मिसफायर झालं तरी तेच, कारण न जळलेला ऑक्सिजन बाहेर येतो. म्हणून लीन दिसलं की लगेच पेट्रोल वाढवायचं नाही. आधी गळती आणि प्लग बघायचे.

आणि डायल? ए-पिलरवर लावणार असाल तर तिथे कर्टन एअरबॅग आहे का ते आधी बघा. असेल तर दुसरी जागा शोधा. आकडे उन्हातही वाचता येतील इतके ठळक हवेत. रंग तुमच्या आवडीचा.

दुकानात जायच्या आधी तीन गोष्टी लिहून घ्या: गाडीत आत्ता कुठला सेन्सर आहे, इसीयू कॅन घेतो का, आणि ट्यून कुठल्या पेट्रोलवर झालाय. त्या मला मेसेज केल्यात तरी चालेल. पुढच्या भागात तुमचेच लॉग घेऊन बसू. ज्यांना चालेल त्यांनी फाइल पाठवा, नंबर प्लेटचा फोटो नको. भेटू!