पाटी मराठी झाली, नाव कुणाचं?

(विश्रांतवाडीतील महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज येताना मुद्दाम चौकातून आळंदी रस्त्यानं पायी आले, दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचत आले. ही सवय मला साक्षरता वर्गानं लावली. आमच्या वर्गातल्या बायकांचं पहिलं पुस्तक म्हणजे रस्त्यावरच्या पाट्या. बाराखडी पुरी व्हायच्या आत 'दवाखाना' वाचता आलं की त्यांचा चेहरा असा फुलायचा! त्यामुळे दुकानावर मराठी पाटी हवी, हे मला कुणी पटवून द्यायला नको. पाटी वाचता येत नाही ती बाई दुसऱ्याला विचारते, आणि बाईला दवाखान्याच्या दारात सगळंच विचारता येत नाही.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. मराठी पाटीचा नियम जुनाच आहे. पण २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात दहापेक्षा कमी कामगारांची दुकानं बाहेर राहिली आणि पळवाट मिळाली. २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन लहानमोठ्या सगळ्या दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली. व्यापारी कोर्टात गेले. सर्वोच्च न्यायालयानं २५ सप्टेंबर २०२३ ला त्यांना पाट्या बदलायला दोन महिने दिले. नियम असा आहे, की नाव देवनागरीत मराठीत असावं आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत. दुसरी भाषा लिहायला बंदी नाही. हे नीट लक्षात ठेवा, कारण मुदत संपल्यावर पुण्यातही पाट्या फोडल्या गेल्या, काळं फासलं गेलं. पाटी तपासायचं काम सरकारचं आहे, दगडाचं नाही.

आपली वस्ती कशी आहे ते आपण जाणतो. याच रस्त्यानं ज्ञानोबांची पालखी पुण्यात जाते. एका बाजूला लोहगावचं विमानदल, दुसऱ्या बाजूला खडकीचे दारूगोळ्याचे कारखाने. त्यामुळे केरळ, तमिळनाडू, बिहार, पंजाब अशी सगळीकडची कुटुंबं इथं राहिली. मराठवाड्यातून दुष्काळानं आलेली माणसंही इथंच आहेत. फुले-आंबेडकरांचं नाव घेऊन उभ्या राहिलेल्या वस्त्या इथं आहेत. मराठी ही या सगळ्यांना जोडणारी भाषा व्हावी. सकाळी इडलीची गाडी लावणाऱ्या तमिळ बाईला धमकावायला ती वापरली गेली, तर ती आपली मराठी नव्हे.

पण मला आज सांगायची आहे ती गोष्ट वेगळीच आहे. माझी एक मैत्रीण वीस वर्षं ब्लाऊज शिवते. दुकान नवऱ्याच्या नावानं. तो दुसरीकडे नोकरीला. दुकानात दिवसभर मशीन चालवते ती. इंग्रजी पाटी बदलायची वेळ आली तेव्हा पेंटरनं विचारलं, "काय लिहू?" ती पटकन म्हणाली, "माझं नाव लिहा." घरात दोन दिवस अबोला. सासूबाई म्हणाल्या, "लोक काय म्हणतील? नवरा नाही का हिला?" शेवटी तडजोड म्हणून मुलाचं नाव लागलं. मुलगा आठवीत. सुईत दोरा ओवायला कधी बसला नाही! पाटी मराठी झाली, सगळ्यांनी कौतुक केलं. ती मला म्हणाली, "ताई, आधी इंग्रजीत मी नव्हते, आता मराठीत नाही."

आपल्या अस्मितेत बाईची जागा कुठं, ते या एका वाक्यात आलं. रस्त्यावर पाहा. 'अमुक अँड सन्स' देवनागरीत आलं, पण सन्सच राहिलं. बाईचं नाव दिसतं ते देवी म्हणून, नाहीतर वारलेली आई म्हणून. जिवंत, राबणारी बाई पाटीवर नाही. आणि प्रश्न नुसत्या पाटीचा नाही. शॉप ॲक्टच्या कागदावर जिचं नाव, तिला धंद्यासाठी कर्ज मागता येतं. नवऱ्यानं उद्या टाकलं तर दुकान मी चालवते हे सांगायला तो कागद कामी येतो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव येतं. मुलाच्या नावात आई आली, मग दुकानाच्या नावात का नको?

याच २०२२ च्या दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आहे. दारूच्या दुकानाला, बारला महापुरुषांची किंवा गडकिल्ल्यांची नावं देता येणार नाहीत. चांगलं झालं. पण नाव बदलून बाटली बदलत नाही, आणि रात्रीचा मारही थांबत नाही. आपल्या हातात याहून मोठं हत्यार आहे. वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर गुप्त मतदान घ्यावं लागतं. आडव्या बाटलीला पुरेशी मतं पडली तर दुकान बंद होतं.

आणि ज्या पाट्या आपल्यासाठी सक्तीच्या आहेत, त्या कुठं आहेत? सोनोग्राफी केंद्रात गर्भलिंग सांगणं गुन्हा आहे, ही सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत ठळक लावावीच लागते. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाबद्दलची शिक्षा आणि तक्रार समितीचा आदेश दिसेल असा लावा, असं २०१३ चा कायदा मालकाला सांगतो. या पाट्यांसाठी कुणी मोर्चा काढल्याचं मी तरी पाहिलं नाही.

म्हणून तीन कामं घेऊन घरी जाऊ. पहिलं, आपल्या गटातल्या दुकान चालवणाऱ्या प्रत्येकीचा शॉप ॲक्टचा कागद पाहायचा, नाव कुणाचं ते. जिचं नाही तिच्याबरोबर बसून घरच्यांशी बोलायचं. दुसरं, दोघी-दोघींनी जाऊन सोनोग्राफी केंद्रात आणि कामाच्या ठिकाणी सूचना आहे का, वाचता येते का, ते पाहायचं; नसेल तर लेखी तक्रार द्यायची. तिसरं, भाजीवाल्या, गाडीवाल्या बायकांना तर पाटीच नसते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के विक्रेते हवेत आणि त्यांत एक तृतीयांश बाया. त्यांच्या ओळखपत्रासाठी आणि त्या जागांसाठी आपण त्यांच्यासोबत उभं राहायचं.

माझ्या मैत्रिणीनं परवा दुकानात पुठ्ठ्यावर खडूनं आपलं नाव लिहून मशीनमागं टांगलंय. बाहेरून दिसत नाही. ते रस्त्यावरून दिसेल असं टांगायचं काम आपल्या सगळ्यांचं आहे.