बोलून ठेवलेला कोट

इंग्रजींत 'बिस्पोक' असा एक शब्द आहे. हल्लीं जाहिरातींत तो कपड्यांपासून सहलींपर्यंत सर्वत्र आढळतो. त्याची ओळख मला पुण्याच्या एका शाळेंत शिकवीत असतां एका विद्यार्थ्यानें करून दिली.

त्या मुलाचे वडील शिवणकाम करीत. इंग्रजींत कच्चा म्हणून मीं त्याला मागच्या बांकावर बसविलें होतें. धड्यांत हा शब्द आला, तेव्हां मीं 'गिऱ्हाइकाच्या मापानें मुद्दाम शिवलेला' असा अर्थ सांगितला. तो हळूच म्हणाला, "सर, यांत 'स्पोक' आहे. मग 'आधीं बोलून ठेवलेला' असा अर्थ असेल का?" मीं त्याला खालीं बसविलें. घरीं येऊन मोठा कोश उघडला, तों मुलाचेंच म्हणणें खरें ठरलें.

'बिस्पीक' म्हणजे आधीं बोलून ठेवणें. वस्तु आगाऊ सांगून ठेवण्याच्या अर्थीं हें क्रियापद सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून आढळतें. अठराव्या शतकाच्या मध्यास 'बिस्पोक' हें, तयार मालाहून निराळ्या अशा सांगून करविलेल्या मालाचें विशेषण झालें. लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावर गिऱ्हाइकानें तागा निवडला कीं तो 'बोललेला' झाला, अशीही एक कथा सांगतात. पुढें २००८ सालीं ब्रिटनमधील जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेनें, मापानें शिवलेल्या पण यंत्रानें कापलेल्या कपड्यांसही हा शब्द लावण्यास मोकळीक दिली.

आपल्याकडे याच कामाला 'बेतणें' म्हणतात. शिंपी सदरा बेततो, म्हणजे अंगाच्या मापानें कापड कापतो. आणि मनांत आंखलेल्या गोष्टीसही आपण 'बेत'च म्हणतों. इंग्रजी शब्दांत जीभ आहे, मराठी शब्दांत कात्री. परंतु कारागिराचा क्रम दोहींकडे एकच : आधीं ऐकून घ्यावें, मग माप घ्यावें, आणि शेवटीं कात्री चालवावी. चुकीचें कापलेलें कापड पुन्हां अखंड होत नाहीं.

मीं मात्र त्या मुलाचें कांहीं ऐकण्यापूर्वींच कात्री चालविली होती. दुसऱ्या दिवशीं वर्गासमोर त्याचा अर्थ बरोबर असल्याचें सांगितलें व त्याला पुढच्या बांकावर बोलाविलें. तो उठला नाहीं. "येथेंच बरें आहे, सर," एवढेंच म्हणाला. शब्दाचा अर्थ मला कोशानें सांगितला. त्याची किंमत या उत्तरानें कळली.