शाळेचा कारभार आणि आपले कर्तव्य
(वार्षिक संमेलनातील भाषण)



१ एप्रिल २०१० रोजी अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्यान्वये सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात. सरकारी शाळेत विकास आराखडा आखणे व अनुदानाच्या विनियोगावर देखरेख ठेवणे, हे तिचे काम. परंतु पालकसभेस आपण जातच नाही. मग वजनदार मंडळी नावे ठरवितात व आपण मुकाट्याने संमती देतो. नेमलेला सभासद नेमणाऱ्याचीच मर्जी राखतो. निवडून दिलेल्यास जाब विचारण्याचा अधिकार आपला असतो. म्हणून पतिपत्नींनी मिळून पालकसभेस जावे आणि उमेदवार आपल्या ज्ञातीचा की परक्या, हे न पाहता मुलांचे हित जाणणाऱ्यासच मत द्यावे, एवढीच आमची प्रार्थना आहे.