कारवानी पिल्लू घेताना आधी त्याची आई पाहा



कालवड विकत घ्यायची झाली तर आपण काय करतो? तिची आई किती दूध देते ते विचारतो, शक्य झाले तर धार काढायच्या वेळी गोठ्यात जाऊन उभे राहतो. बैल घेताना दात मोजतो, चालवून पाहतो, कासरा धरून वळवून पाहतो. आणि कुत्र्याचे पिल्लू? ते मात्र बाजारात पाटीत दिसले, गोड वाटले, पैसे दिले, पिशवीत घातले. मी शेतीखात्याचा माणूस आहे, पशुवैद्य नव्हे. पण वस्तीवर फिरताना हा प्रकार इतका दिसतो की आज त्यावरच बोलायचे ठरवले.

एका शेतकऱ्याची हकिगत सांगतो. मळ्यातल्या राखणीसाठी त्यांनी आठवडी बाजारातून "अस्सल कारवानी" म्हणून पिल्लू आणले. विकणारा म्हणाला, दोन महिन्यांचं आहे, इंजेक्शन झालंय. चौथ्या दिवशी पिलाने खाणे सोडले, उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताची घाण वास येणारी हगवण. दवाखान्यात नेईपर्यंत सगळे संपले होते. हा पार्वो नावाचा रोग. पोरं रडली म्हणून त्यांनी महिन्याभरात त्याच बाजारातून दुसरे पिल्लू आणले आणि त्याच जागी बांधले. तेही गेले. पार्वोचे विषाणू मातीत कित्येक महिने टिकतात, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

आता कारवानी जातीबद्दल थोडे. सोलापूर, सांगली, लातूर या बाजूला आणि पलीकडे कर्नाटकात ही कुत्री पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिकडे त्यांना मुधोळ म्हणतात, लांब केसांच्याला आपल्याकडे पश्मी म्हणतात. लांब अरुंद तोंड, खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब पाय. 2005 साली टपाल खात्याने मुधोळ कुत्र्याचे तिकीटही काढले होते. नाव झाले तशी मागणी वाढली, आणि मागणी वाढली की भेसळ आलीच. बियाण्याचे आपण पाहतोच की!

मुद्दा असा की दीड-दोन महिन्यांच्या पिलावरून जात ओळखणे जाणत्यालाही अवघड जाते. म्हणून पिल्लू नव्हे, आधी त्याची आई पाहायची. विकणाऱ्याच्या घरी जा. आई पिलांजवळ असली पाहिजे. "ती गावाकडं आहे", "रानात गेलीय" असे उत्तर मिळाले की पिल्लू दुसरीकडून आणलेले आहे असे समजून परत फिरावे. आईचे अंग पाहा, ती अनोळखी माणसाशी कशी वागते ते पाहा. भित्री किंवा उगाच चावरी असेल तर तो स्वभाव पिलांत उतरू शकतो. कुत्री कितव्यांदा व्याली, मागचे वेत कधीचे, हे विचारा. प्रत्येक माजाला भरवून जिची हाडे निघाली आहेत, तिची पिले कशी सुदृढ निघणार? नर कोणता तेही विचारा. पुष्कळ ठिकाणी घरचाच नर, म्हणजे भाऊ नाहीतर बापच, लावलेला असतो. अशाने जात शुद्ध राहते हा गैरसमज आहे. पिले कमजोर आणि व्यंग असलेली निघण्याचा धोका वाढतो.

वयाबाबत फसवणूक फार होते. दोन महिन्यांच्या पिलाच्या तोंडात दुधाचे सगळे 28 दात आलेले असतात. महिन्याच्या पिलाला पुढचे दात नुकतेच फुटलेले दिसतात, दाढा नसतात. तेव्हा तोंड उघडून बघा, लाजू नका. कुत्र्यांची पैदास व विक्री यांबाबत 2017 साली केंद्र सरकारने नियम केले आहेत. त्यांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही आणि विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. नोंदणीचा कागद मागण्यात कसलाही अपमान नाही.

इंजेक्शन झालंय म्हणजे काय? कार्ड दाखवा म्हणावे. त्यावर लशीचे नाव, तारीख आणि डॉक्टरांची सही पाहिजे. कार्ड नाही तर लस झालीच नाही असे धरून चालावे. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, पिल्लू चार महिन्यांचे होईपर्यंत. पिसाळण्याची लस तीन महिन्यांना, पुढे डॉक्टर सांगतील त्या तारखांना. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले असेल तर जंत समजावेत.

चांगला पाळणारा आणखी एका खुणेवरून ओळखू येतो. तोच तुम्हाला प्रश्न विचारतो. वस्तीवर रात्री कोण असतं, खायला काय घालणार, दिवसभर साखळीलाच ठेवणार का? एकाने तर मला विचारले, ससे मारायला नेणार असाल तर देत नाही. बरोबरच आहे त्याचे. हा धावणारा, नजरेने शिकार धरणारा कुत्रा आहे, आणि सशाची शिकारसुद्धा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. नुसते रात्री भुंकून जागे करणारे जनावर हवे असेल तर गावातलेच गावठी पिल्लू घ्या, लस टोचा. माझे मत विचाराल तर बहुतेक वस्त्यांना तेच पुरते.

जातिवंतच हवे असेल, तर बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ तिम्मापूर येथे बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे, तिथे आधी चौकशी करून जावे. जवळपासच्या पाळणाऱ्यांची माहिती पशुवैद्यकीय दवाखान्यातही मिळते, कारण लस टोचायला कोण येतो आणि कोण येत नाही हे डॉक्टरांना ठाऊक असते.

पिल्लू घरी आणल्यावर पहिला आठवडा पूर्वीचेच खाणे द्यावे, एकदम बदलू नये. खेळताना दात किंवा नख लागले तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. हळद-चुना लावून बसू नये.

त्या शेतकऱ्यांनी पुढे तीन महिने थांबून, कुत्री व्यायच्या आधीच एका पाळणाऱ्याकडे नाव सांगून ठेवले. पिल्लू आणले ते जुन्या जागेपासून लांब, विहिरीकडच्या अंगाला बांधले आहे. दुसरी लस झाली, तिसरी पुढच्या पंधरवड्यात आहे.